बाटली क्रमांक चार

रविवारी सव्वासहाला मी नाल्यावर असते.
तीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुतल्या,
आता म्हणे बाई नाला धुते.
धुत नाही. फक्त विचारते त्याला,
कसा आहेस.

बाटल्या पाच. चौथी भरायची
सातेरी मुतगेकरच्या बांधावरून,
वडगावचे माग मागे पडतात
आणि भातवाफे सुरू होतात तिथून.
पहिल्या दिवशी तो खुरप्यासकट आला.
‘काय करूलीस गे बाई?’
पाणी तपासतेय म्हटलं.
‘नाकानं कळतंय की.’
मग बांधावर बसून सांगत राहिला,
बासमती शिजायला लागली की
तिसऱ्या गल्लीतून माणसं विचारत यायची, कुणाकडं जेवण आज.
आता आम्हीच विचारतोय, भात टाकलाय का चुलीवर.

पहिलं वर्ष भांडणात गेलं.
बाटलीवरची चिठ्ठी कुठल्या लिपीत?
मराठीत लिहिली, कचेरीतून परत आली.
कन्नडमध्ये लिहिली,
तर आपलीच पोरं दारात, बाई तुम्हीसुद्धा?
दोन्हीत लिहिली,
तर वर कुठली आणि खाली कुठली.
तोवर बाटलीतला गाळ बसून
वर निवळ पाणी आलेलं, तपासायला निरुपयोगी.

शिवलीला कामकरनं चिठ्ठ्याच काढून टाकल्या.
बाटल्यांच्या गळ्यात रेशमी धागे बांधले.
पिवळा, मोरपंखी, डाळिंबी, शेवटचा कोरा,
आणि चारला जांभळा.
धागे तिच्याच रंगखान्यातले.
गुरुवारी तिथली कढई उपसतात
आणि चौथ्या वळणावर नाला
अगदी तसाच जांभळा येतो.
तिला ते माहीत होतं, मला माहीत होतं.
गाठ मारताना तिनं वर बघितलं नाही.

या पाण्यात दोन औषधांचे थेंब टाकायचे.
प्राणवायू असेल तर साका तपकिरी,
नसेल तर पांढरा.
चौथी बाटली सतरा महिने पांढरी.
सुतकातल्या कपाळासारखी.

सतरा महिन्यांत काय केलं म्हणाल तर फार नाही.
जलपर्णी ओढली. ती पंधरवड्यात परत आली. परत ओढली.
सातेरीच्या सुनेनं तिचं खत केलं, वेलाला दोडके आले,
ते मात्र कुणी खाईना.
रंगखान्यामागं शिवलीलानं तीन खड्डे काढले,
वाळू, कोळसा, काठानं कर्दळ आणि वाळा.
नवरा म्हणाला, पाण्याला पण आता पडवी बांध.
बाकीचे सहा रंगवाले हसले.
त्यातले दोघं पुढं येऊन खड्ड्यांची मापं घेऊन गेले.
चौघं अजून हसतात.

परवाच्या रविवारी थेंब टाकले
आणि साका बसताना रंग बदलला.
तपकिरी नाही म्हणता येणार,
दूध जास्त झालेल्या चहासारखा.
मी बाटली उन्हाकडं धरली,
शिवलीलानं माझ्या हातून घेऊन पुन्हा धरली,
सातेरी म्हणाला, मला चष्मा नाही, तुम्हीच सांगा.
वहीत लिहिलं: किंचित.
त्याखाली रेघ मारली नाही.
गुरुवार अजून यायचाय.

घरी निघताना त्यानं विचारलं,
हे पाणी जातंय कुठं शेवटी?
मार्कंडेयला, म्हटलं. मग घटप्रभा, मग कृष्णा,
मग पूर्वेचा समुद्र, मोठा उपसागर.
त्यानं समुद्र बघितलेला नाही.
गोवा चार तासांवर, पण गाईंना कोण बघणार.
थोडा वेळ गप्प राहिला, चिखल खरवडत.
‘आणि तिथं बाटली कोण भरतंय?’

असेल कुणीतरी, म्हणाले.
खाडीच्या तोंडाशी गुडघाभर पाण्यात,
पदर खोचलेली.
तिची चिठ्ठी मला वाचता येणार नाही.
तिच्या चौथ्या बाटलीत आमचं किती,
हेही ती मला विचारायला येणार नाही.

शिवलीला तेवढ्यात धागा सोडवत होती.
ओला झाला की बोटांना लागतो,
दोन दिवस जात नाही.